तीन रुपयांची पणती आणि आपल्या हाताचं मोल

(दिवाळीच्या तयारीसाठी घेतलेल्या प्रभागसंघाच्या सभेतील भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या गटांसाठी देत आहोत.)



गणपती गेले, पितृपक्ष लागला. आता घटस्थापना, मग दसरा, आणि दसऱ्यापासून साधारण वीस दिवसांवर लक्ष्मीपूजन. म्हणजे आपल्या हातात जेमतेम दीड महिना आहे. दरवर्षी या दिवसांत बऱ्याच गटांत एकच विषय निघतो: "ताई, यंदा पणत्या रंगवून विकू या का?" त्यावरच आज बोलायचं आहे. पणती कशी रंगवायची हे मोबाइलवर बघून कोणीही शिकेल. पण कुठली पणती घ्यायची, तिच्यावर काय लावायचं नाही, आणि विकताना आपल्या कष्टाचे पैसे कसे मोजायचे, हे तिथं कोणी सांगत नाही. मला तेच सांगायचं आहे.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली: पणती आधी नीट जळली पाहिजे, मग ती सजली पाहिजे. दुसरी: सजावटीला लागलेला वेळ वहीत लिहिल्याशिवाय भाव सांगायचा नाही. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या पोटात येतं.

पणती घेताना

आपण बाजारातून किंवा गावातल्या कुंभारदादांकडून साधी लाल पणती घेतो. ती स्वस्त असते म्हणून आपण शेकड्याने पिशवीत भरून आणतो आणि घरी आल्यावर कळतं की वीस-पंचवीस चिरलेल्या आहेत. तिथंच नफा गेला. म्हणून घेतानाच तीन गोष्टी बघा.

एक, बोटाच्या पेरानं हळूच टिचकी मारा. नीट भाजलेली पणती टणटण वाजते. चिरलेली किंवा कच्ची असेल तर आवाज बसका येतो. शंभरच्या शंभर वाजवायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढी लावा.

दोन, सपाट फरशीवर ठेवून बघा. डुगडुगते का? डुगडुगणारी पणती कितीही सुंदर रंगवली तरी तेल सांडणारच. तळ थोडासाच उंचसखल असेल तर घरी खरखरीत दगडावर घासून सपाट करता येतो. जास्त वाकडी असेल तर बाजूला ठेवा.

तीन, तोंड बघा. वात टेकवायची चोच नीट दाबलेली आहे का, की नुसती नावाला आहे? चोच उथळ असेल तर वात मागे घसरते आणि ज्योत काठावर येते. काठावर आपली सजावट असते, हे विसरू नका.

कुंभारदादांशी आठ आण्यांसाठी घासाघीस करू नका, असं मी आवर्जून सांगते. आपण आपल्या हाताचं मोल मागायला निघालोय, मग दुसऱ्याच्या हाताचं मोल कमी कसं करायचं? त्यापेक्षा त्यांना आधी सांगून ठेवा की एवढ्या पणत्या, एवढ्या मापाच्या, एकसारख्या हव्यात. एकसारख्या मापाच्या मिळाल्या तर खोक्यात नीट बसतात. हा फायदा आठ आण्यांपेक्षा मोठा आहे.

घरी आणल्यावर पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कच्ची राहिलेली पणती पाण्यात सुटायला लागते, बारीक तडा असेल तर दिसतो, आणि वरची धूळही निघते. धुळीवर रंग धरत नाही, पापुद्रे निघतात. सकाळी पुसून सावलीत दोन दिवस वाळवा. परतीचा पाऊस चालू असेल तर तीन दिवस. आत ओल राहिली तर रंगाला फोड येतात.

तेल पाझरतं, त्याचं काय?

ही अडचण प्रत्येकीला माहीत आहे. साधी माती तेल पिते. म्हणून तर आपण घरी पणत्या लावायच्या आधी पाण्यात भिजवतो. मातीची बारीक छिद्रं पाण्यानं भरली की तेल कमी शोषलं जातं. पण रंगवलेली पणती गिऱ्हाईक भिजवू शकत नाही. मग तेल आतून बाहेर येतं, रंगाच्या खाली शिरतं, रंग सुटतो, आणि खाली फरशीवर डाग पडतो. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आपल्याकडे येत नाही.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय मेण भरण्याचा. मेण गार झालं की घट्ट होतं. ज्योत पेटल्यावर वातीभोवतीचं मेण तेवढं वितळतं. त्यामुळे पाझरणं खूपच कमी होतं. शिवाय मेणाच्या पणतीत वात मधोमध उभी असते, म्हणजे ज्योत काठापासून लांब राहते. सजवलेल्या पणतीला हे सगळ्यात चांगलं.

दुसरा उपाय म्हणजे पत्र्याच्या छोट्या डबीत येणारी मेणबत्ती पणतीत ठेवायची. तिला बाजारात टी-लाइट म्हणतात. मग पणती नुसती बैठक होते, आत काही पाझरायचा प्रश्नच नाही, आणि मेणबत्ती संपली की दुसरी ठेवता येते. मात्र पणती रुंद तोंडाची आणि आतून सपाट हवी. एक डबी सोबत घेऊन जा आणि दुकानातच बसवून बघा.

तेलाचीच पणती विकायची असेल तर ती बाहेरून कमी सजवा, चोचीकडचा भाग कोरा ठेवा, आणि गिऱ्हाइकाला सांगा की खाली ताटली ठेवा.

मेण वितळवताना जपून. मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवा आणि त्यात मेणाचं छोटं भांडं बसवा. मेण वितळत असताना उठून जायचं नाही, लेकरं जवळ नकोत, पदर खोचलेला हवा. आणि चुकून मेणानं पेट घेतलाच तर त्यावर पाणी अजिबात टाकू नका. पाणी टाकलं की पेटतं मेण उडतं. आच बंद करायची आणि वरून झाकण ठेवायचं. हे मोठ्यानं म्हणा आणि घरच्यांनाही सांगा. मेण भरताना पणती काठोकाठ भरू नका, बोटाच्या एका पेराएवढी रिकामी ठेवा.

रंग आणि साहित्य

साहित्याची यादी मोठी नाही. पांढरा रंग, दोन किंवा तीन गडद रंग, एक सोनेरी कोन, गोंद, छोटे आरसे, खडे, दोन ब्रश. बस. पहिल्याच वर्षी दुकानात जाऊन बारा रंग घेऊ नका. बारा रंगांच्या बाटल्या अर्ध्या वाळून जातात.

रंग अ‍ॅक्रिलिक घ्या. तो वाळला की पाण्यानं निघत नाही. शाळेतल्या पोरांचा पोस्टर रंग स्वस्त असतो, पण ओला हात लागला की उतरतो, गिऱ्हाइकाच्या साडीला लागतो. घराला लावायचा ऑइल पेंट नको. त्याला वास येतो, वाळायला वेळ लागतो आणि दिव्याजवळ तो बरा नाही.

लाल मातीवर पिवळा किंवा गुलाबी रंग थेट लावला तर तो मळकट दिसतो. म्हणून आधी पांढरा हात द्या. त्यासाठी महागडा रंग लागत नाही. भिंतीला लावून उरलेला पाण्याचा पांढरा रंग कोणाच्या तरी घरी डब्यात असतोच. तो चालतो. पांढऱ्यावर रंग उठून दिसतो आणि कमीही लागतो.

ज्यांना रंगावर फार खर्च करायचा नाही त्यांच्यासाठी सोपी युक्ती. गेरूत थोडा पांढरा गोंद आणि पाणी मिसळा, पणती त्याने सारखी रंगवा आणि वर पांढऱ्या रंगानं ठिपके आणि रेघा काढा. आपल्याकडे वारली आदिवासी बायका गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं पांढरी चित्रं काढत आल्या. तांबूस रंगावर पांढरं किती लांबून दिसतं ते त्या भिंती बघितल्या की कळतं. आपण त्यांची चित्रं उचलून आपल्या नावावर खपवायची नाहीत. पण लाल-पांढऱ्याची जोडी सगळ्यांची आहे, आणि ठिपके तर आपल्या रोजच्या रांगोळीतले आहेत.

नक्षीसाठी वेगळं काही शिकायला नको. दारात ठिपक्यांची रांगोळी घालणारी बाई पणतीवर ठिपके सहज देते. खणाच्या काठावर बघा, इरकलीच्या पदरावर बघा, केवढ्या नक्ष्या आहेत. ठिपके द्यायला ब्रशपेक्षा आगपेटीची काडी बरी, खराट्याची काडी त्याहून बारीक ठिपका देते. मोठ्या ठिपक्याला कानात घालायची कापसाची काडी. दर चार-पाच ठिपक्यांना रंगात बुडवा, म्हणजे सगळे एका मापाचे येतात. मेंदीचा कोन भरता येत असेल तर त्यातच रंग भरून बारीक रेघ ओढा. नव्या पोरींना हे काम द्या, त्यांचा हात मेंदीनं तयार झालेला असतो.

आणि एक सांगते, सगळी पणती भरून टाकू नका. एक रंग, एक नक्षी, चार आरसे. मोकळी जागा राहिली तर नक्षी दिसते. जास्त लावलं तर खर्चही वाढतो, वेळही वाढतो, आणि पणती गजबजलेली दिसते.

काय लावायचं नाही

हे नीट ऐका, कारण ही वस्तू आपण कोणाच्या तरी घरात पेटवायला देतोय. त्या घरात लेकरं असतील, पडदे असतील, ओढण्या असतील.

काठाच्या आतल्या बाजूला काही चिकटवायचं नाही. ज्योत जिथं येते तिथून दोन बोटं जागा कोरी ठेवायची, तिथं रंगसुद्धा नको. नायलॉनची लेस, कागदी फुलं, कापूस, थर्माकोल, प्लॅस्टिकचे मोठे मणी हे पेटत्या पणतीवर नाहीच. लेस वितळते आणि पेटते. कागदाचं तर विचारूच नका. ज्या चमकीनं आपण ब्लाउज सजवतो, ती चमकी मेणात किंवा तेलात टाकायची नाही.

हल्ली गरम गोंदाची बंदूक पुष्कळ गटांकडे आहे. ती झटपट चिकटवते, पण तो गोंद गरम झाला की परत मऊ होतो. ज्योतीच्या जवळ लावलेला खडा त्यामुळे सुटून खाली पडतो. म्हणून पणतीला आपला पांढरा गोंद वापरा. आरशाला पांढरा गोंद लागायला वेळ लागतो, म्हणून आरसे लावलेल्या पणत्या रात्रभर आडव्या ताटात हलवू नका. सकाळी बोटानं ढकलून बघा, जो खडा हलतो तो काढून परत लावा.

पेटवून बघितल्याशिवाय विकायची नाही

प्रत्येक नक्षीची एक पणती आपण स्वतः पेटवून बघायची. ताटात कागद घाला, त्यावर पणती ठेवा, तेल किंवा मेण भरा आणि निदान एक तास जळू द्या. जवळच बसून बघा. वास येतो का? काठ काळा पडतो का? रंग फुगतो का? खडा सुटतो का? एक तासानं पणती उचलून कागदावर तेलाचा डाग आहे का बघा. डाग असेल तर त्या पणत्या तेलासाठी विकायच्या नाहीत, मेण भरून किंवा डबी ठेवून विकायच्या.

एक पणती जळून गेली तर आपले वीस रुपये गेले. कोणाचा पडदा पेटला तर गटाचं नाव गेलं. म्हणून ही चाचणी कोणी केली, कधी केली, हे वहीत लिहून ठेवा.

आता हिशोब

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र हिशोब लेखनाचं आहे. बचतीचा हिशोब आपण काटेकोर ठेवतो. पण पापड, लोणची, पणत्या यांचा हिशोब करताना आपण फक्त किराणा आणि साहित्य धरतो. हाताचे पैसे धरतच नाही. "घरीच तर बसले होते" असं म्हणतो. कोण घरी बसलं होतं हो? जनावरं, स्वयंपाक, पाणी, लेकरं सगळं उरकून रात्री दहा वाजता ब्रश हातात घेतला, त्याला बसणं म्हणतात का?

शंभर पणत्यांचा हिशोब करू. तुमच्या बाजारात भाव वेगळे असतील. आकडे तुमचे घाला, रीत ही ठेवा.

साध्या पणत्या 105, म्हणजे पाच फुटतील असं धरून, 3 रुपयांनी: 315 रुपये.
रंग: 240 रुपये.
आरसे आणि खडे: 200 रुपये.
गोंद: 60 रुपये.
ब्रश आणि किरकोळ: 25 रुपये.
चार-चार पणत्यांची 25 खोकी, 8 रुपयांनी: 200 रुपये.
बाजाराला जाणं-येणं: 100 रुपये.
एकूण साहित्य खर्च: 1140 रुपये.

मेण भरणार असाल तर मेण आणि वातीचा खर्च यात वेगळा मिळवा. डबी ठेवणार असाल तर डबीचा.

आता वेळ. पुसून पांढरा हात द्यायला 2 मिनिटं, रंग 2 मिनिटं, ठिपके 3 मिनिटं, खडे 2 मिनिटं, खोक्यात भरायला 1 मिनिट. एका पणतीला 10 मिनिटं. शंभर पणत्यांना 1000 मिनिटं, म्हणजे जवळजवळ 17 तास. तासाला समजा 40 रुपये मजुरी धरली तर 680 रुपये झाले.

1140 आणि 680 मिळून 1820. त्यावर फूटतूट आणि गटाचा निधी म्हणून शेकडा 10 धरा, म्हणजे 182. सगळे मिळून 2002 रुपये. म्हणजे एक पणती आपल्याला 20 रुपयांना पडली आणि चारचं खोकं 80 रुपयांना.

हा 80 चा आकडा तळाचा आहे. त्याच्या खाली जायचं नाही. 100 रुपयांना खोकं विकलं तर 25 खोक्यांचे 2500 येतात. मजुरी मिळून, निधी बाजूला पडून, वर जवळजवळ 500 रुपये उरतात. दुकानदार म्हणाला, "100 च्या खोक्यावर 20 माझे," तर तेही जमतं, कारण आपली मजुरी 80 मध्ये आलेली आहे. पण तो 30 मागायला लागला तर हसून पिशवी उचलायची.

आता उलटं बघा. हिशोब न करता कोणीतरी म्हणतं, "बाजारात 60 ला मिळतात, आपण पण 60 ला देऊ." 25 खोक्यांचे 1500 आले. त्यातून साहित्याचे 1140 गेले. उरले 360. त्याला 17 तासांनी भागा. तासाला 21 रुपये पडले, आणि त्यातून फूटतुटीला काही ठेवलेलंच नाही. खुरपणीला गेलो तरी याहून जास्त मिळतात, हे मला सांगायची गरज नाही.

अजून एक. नक्षी फार बारीक केली आणि एका पणतीला 25 मिनिटं लागली तर मजुरीच 1680 होते. मग खोकं 124 रुपयांना पडतं. गिऱ्हाईक तेवढे देणार असेल तर जरूर करा. देणार नसेल तर सोपी नक्षी निवडा. म्हणून आधी घड्याळ लावून दहा पणत्या करा, वेळ लिहा, मग नक्षी ठरवा.

काम कसं वाटायचं

एकीनं एक पणती सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली तर वेळ जातो. पापड करताना एक गोळे करते, एक लाटते, एक वाळत घालते, तसंच करा. एकीनं पांढरा हात द्यायचा. पन्नासावी होईपर्यंत पहिली वाळलेली असते. दुसरीनं रंग, तिसरीनं ठिपके. ज्या मावशींना बारीक दिसत नाही त्यांनी पुसणं, मोजणं, खोक्यात भरणं घ्यावं.

आणि इथंच गटात कुरबूर होते. जिचा हात सुंदर आहे ती म्हणते, मला जास्त मिळायला हवं. खोकी भरणाऱ्या मावशी म्हणतात, मी पण तेवढाच वेळ बसले. दोघींचं बरोबर आहे. म्हणून काम सुरू करायच्या आधी, पैसा हातात यायच्या आधी, बैठकीत ठरवा: तासाप्रमाणे सगळ्यांना सारखं, की नगाप्रमाणे? काहीही ठरवा, पण इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. नंतर ठरवायला गेलं की पणत्या विकल्या जातात आणि गट फुटतो.

साहित्यासाठी गटातून कर्ज घ्यायचं असेल तर पहिल्या वर्षी शंभर-दोनशे पणत्यांपुरतंच घ्या. दिवाळीनंतर परतफेडीची तारीख आधीच लिहा. हजार पणत्यांचं स्वप्न पुढच्या वर्षी बघू.

दीड महिन्याचं वेळापत्रक

पितृपक्षात काही घरी नवी खरेदी करत नाहीत. हरकत नाही. या दिवसांत बैठक घ्या, नक्षी ठरवा, कुंभारदादांना सांगून ठेवा, घरात पडलेल्या जुन्या पणत्यांवर तीन नमुने तयार करा. घटस्थापनेला साहित्य आणा. नवरात्रात उपवास, घट, देवीचं दर्शन असतं, तेव्हा पणत्या भिजवणं-वाळवणं आणि पांढरा हात देणं एवढंच करा. याच दिवसांत नमुने घेऊन शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात जा. मागणी आधी घ्या आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत रंग आणि नक्षी. कोजागरीनंतर खडे, पेटवून बघणं, खोकी. वसुबारसेच्या आठ दिवस आधी माल लोकांच्या हातात हवा. धनत्रयोदशीला गिऱ्हाईक पणत्या शोधत फिरत नाही, त्याच्या घरी त्या लागलेल्या असतात.

खोक्यावर चिठ्ठी लावा. गटाचं नाव, गाव, आणि तीन ओळी: ताटलीत ठेवून लावा. पडदे आणि लेकरांपासून लांब ठेवा. पाण्यात भिजवू नका. आणि लिहिताना "हाताने रंगवलेल्या पणत्या" असं लिहा, "हाताने बनवलेल्या" असं नको. बनवल्या कुंभारानं, रंगवल्या आपण. जमलं तर तेही लिहा की पणत्या आमच्याच गावच्या कुंभाराच्या आहेत. शहरातल्या माणसाला ते आवडतं आणि ते खरंही आहे.

काही खोकी उरतीलच. घाबरून दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या भावात देऊ नका. पुढं तुळशीचं लग्न आहे, त्रिपुरी पौर्णिमा आहे, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून डबी ठेवायची रंगीत पणती छान जाते. ती कोरड्या खोक्यात कागदात गुंडाळून ठेवा. मेण भरलेल्या पणत्या उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका.

तर बायांनो, तीन रुपयांच्या पणतीवर दोन-तीन रंग आणि चार आरसे लावले की ती वीस रुपयांची होते, त्यात जादू काही नाही. त्यात निम्मं साहित्य आहे आणि उरलेली आपली अक्कल, आपला वेळ आणि आपली जबाबदारी आहे. साहित्याचे पैसे दुकानदारानं घेतले, मातीचे कुंभारानं घेतले. उरलेले आपले आहेत, ते मागायला लाजायचं नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं तीन गोष्टी आणाव्यात: एक पेटवून बघितलेली पणती, एका पणतीला किती मिनिटं लागली त्याचा कागद, आणि खोक्याचा तळाचा भाव. नक्षी कोणाची सुंदर हे आपण नंतर बघू. आधी तो कागद बघू.